धावू नका, हाक मारू नका: हरवलेल्या कुत्र्यांच्या कामाच्या नोंदी

४ जून

आजपासून वही सुरू. म्हणजे फाइलच आहे, पण वही म्हणायला बरं वाटतं. शीटमध्ये केस नंबर, तारीख, रंग, फोन एवढंच राहतं आणि दोन महिन्यांनी उघडून बघितलं की कुठल्या केसमध्ये आपण नेमका काय घोळ घातला ते काही केल्या आठवत नाही. मागच्या महिन्यात एकच घोळ दोनदा घातला, म्हणून ही वही. टीममध्ये सध्या आठ जण, त्यातले दोघे फक्त वीकेंडला. नावं लिहीत बसत नाही, आपल्या आपल्यात माहितीच आहे: शीटताई, कॅमेरादादा, डॉक्टरताई (कुत्र्याची चिप वाचायचा स्कॅनर तिच्याच गाडीत असतो, उगाच मला विचारू नका), पोस्टरवाला, काका वगैरे.

फॉर्म बदलला. आधी पहिला प्रश्न होता "जात कोणती". शीटताई म्हणाली जात गेली खड्ड्यात, आधी "कसा गेला" ते विचारा, आणि बरोबर आहे तिचं. गेट उघडं दिसलं म्हणून वास घेत घेत निघाला तो एक प्रकार, तो बहुतेक वेळा कोणाच्या तरी दारात शेपूट हलवत उभा असतो आणि तिथल्याच कोणी त्याला आत घेतलेलं असतं. आवाजाला घाबरून सुसाट सुटलेला हा दुसरा, तो माणसांच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. आणि तिसरा नुकताच दत्तक आलेला, ज्याला मुळात आपलं घर कुठलं हेच अजून कळलेलं नाही. तिघांना शोधायची रीत वेगळी. आपण आत्तापर्यंत तिघांनाही एकाच काठीने हाकत होतो, म्हणजे दहा जण गोळा करायचे आणि नावाने हाका मारत फिरायचं.

दुसरा प्रश्न नवीन घातलाय: "घरात नीट शोधलं का?" लोक चिडणार यावर. चिडू देत.

७ जून

पोस्टरवाल्याने केलेलं पोस्टर देखणं होतं, तीच अडचण. मध्ये कुत्र्याचा फोटो, बाजूला फिकट निळी बॉर्डर, खाली बारीक अक्षरात त्याचा स्वभाव, आवडीनिवडी, तो घरात सगळ्यांचा किती लाडका आहे, सगळं. काकांना स्कूटरवर बसवलं आणि त्या खांबासमोरून नेहमीच्या स्पीडने जा म्हटलं. परत आल्यावर विचारलं काय वाचलं? "काहीतरी क्लासची जाहिरात होती."

अमेरिकेत हे काम करणाऱ्या लोकांचा एक नियम आहे, ५ + ५ + ५५. पाच शब्द, पाच सेकंद, ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरच्या वेगात जाणाऱ्या गाडीतून वाचता आलं पाहिजे. आपल्या गाड्या त्या वेगाने जात नाहीत पण आपले ड्रायव्हर फोनमध्ये बघत असतात, तेव्हा हिशेब सारखाच. नवीन पोस्टर: भडक पिवळा-हिरवा कागद, वर "कुत्रा हरवलाय", मध्ये एकच फोटो, खाली "तपकिरी, पांढरा पाय" आणि फोन नंबर हातभर मोठा. बस. परत काकांना पाठवलं, काका लांबूनच ओरडले "नंबर पाठ झाला!"

पोस्टरवर दोन गोष्टी टाकायच्या नाहीत असं ठरलं. एक, अंगावरची एखादी खूण मुद्दाम लपवून ठेवायची (ही पुढे कामाला येते, नंतर लिहितो). दुसरी म्हणजे कुत्र्याचं नाव. यावर अर्धा तास वाद झाला. मालकांना नाव टाकायचंच असतं, त्यांना वाटतं नाव घेतलं की तो येईल. पण घाबरलेल्या कुत्र्याला चार अनोळखी माणसं चार दिशांनी नावाने हाका मारायला लागली तर तो अजून लांब जातो. त्याजागी आता एक ओळ टाकतोय: "पकडू नका, फोटो काढा, फोन करा". सहा शब्द जादा झाले नियमाच्या, चालेल.

११ जून

रात्री साडेनऊपासून ढगांचा गडगडाट, मध्यरात्रीपर्यंत तीन केसेस. केस २६ आणि २७ सकाळी आपोआप मिटल्या, एक जण पार्किंगमधल्या गाडीखाली होता आणि दुसऱ्याला शेजारच्यांनी आत घेतलं होतं पण बॅटरी संपल्यामुळे कळवलं नाही.

केस २८ मात्र लिहायलाच पाहिजे. नऊ वर्षांचा छोटा पांढरा कुत्रा, ऐकायला कमी येतं, नाव टफी. घरातले पाच जण, आम्ही चार जण, रात्री अडीच वाजेपर्यंत भर पावसात टॉर्च घेऊन. गटार, गच्ची, जिना, बंद दुकानांच्या फळ्यांखाली, सगळीकडे. त्या घरातली आजी सारखी म्हणत होती, "अगं एकदा घरात बघा", आणि सगळे म्हणत होते आजी बघितलं, तू झोप. तीन वाजता ओले कपडे टाकायला म्हणून घरातल्या ताईने वॉशिंग मशीन पुढे ओढलं तर मागे भिंतीला चिकटून हा बसलेला, जाळ्या अंगावर, आणि आमच्याकडे असा बघतोय की तुम्ही लोक एवढ्या रात्री कुठे फिरताय. बहिरा असल्यामुळे हाका ऐकूच गेल्या नव्हत्या.

आता फॉर्ममध्ये "घरात शोधलं का" च्या खाली यादी टाकलीये: पलंगाच्या कप्प्यात, कपाटामागे, मशीनमागे, गाडीच्या आत, माळ्यावर. आणि हे फोनवर बोलता बोलता करून घ्यायचं, नंतर बघतो म्हणाले तर ऐकायचं नाही.

१२ जून

केस २९. या केसने पुढचा आठवडा खाल्ला, म्हणून दिवसवार लिहितोय.

तपकिरी मादी, अंदाजे दोन वर्षं, मागचा डावा पाय पांढरा. दत्तक घेऊन चारच दिवस झालेले. दवाखान्याच्या दारात गाडीतून उतरवताना हार्नेसमधून (छातीभोवतीचा पट्टा) मागे सरकत बाहेर आली (हार्नेस सैल होता, मालकीणबाईंना वाटलं तिला टोचत असेल म्हणून त्यांनीच दोन भोकं ढिला केलेला) आणि समोरच्या मोकळ्या मैदानातून सरळ पळाली. घर तिथून सहा किलोमीटर. म्हणजे जिथून हरवली ती जागा तिची नाही, घरही अजून तिचं नाही, आणि नावाला तर ती अजून वळतसुद्धा नव्हती.

मालकीणबाई फोनवर रडत होत्या आणि त्यांचे यजमान मागून "पन्नास माणसं घेऊन येतो" म्हणत होते. त्यांना म्हटलं दादा, एकही नको, तुम्ही दोघंच या आणि घरातली न धुतलेली चादर घेऊन या.

१३ जून

सकाळी साडेसहाला पहिला फोन, रेल्वे रुळाच्या बाजूच्या झुडपांत दिसली. मी तिथून सर्वात जवळ होतो, दहा मिनिटांत पोचलो. आणि इथे माझी चूक, प्रामाणिकपणे लिहितो कारण मीच सगळ्यांना शिकवत फिरतो. ती चाळीस पावलांवर उभी होती, अंग खाली दाबलेलं, शेपूट पोटाखाली, माझ्याकडे नाही तर माझ्या बाजूला बघत. मला वाटलं किती जवळ आहे, आत्ता संपतंय काम, आणि मी तिच्या नावाने हाक मारली आणि दोन पावलं पुढे टाकली. दोनच. ती वळली आणि रूळ ओलांडून पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर गेली. एका टेम्पोने कचकन ब्रेक मारला. ती वाचली, पलीकडच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीआड गेली. टेम्पोवाला मला काय काय बोलला ते लिहीत नाही, त्याचं चुकलं नव्हतं.

करायचं काय होतं तर, लगेच खाली बसायचं, तिच्याकडे पाठ किंवा कूस करून, डोळ्यात बघायचं नाही, तोंडाने काहीही बोलायचं नाही, खाण्याच्या पिशवीचा नुसता आवाज करायचा आणि दोनचार तुकडे बाजूला टाकायचे. वीस मिनिटं बसावं लागलं तरी बसायचं. कुत्रं एवढं घाबरलेलं असलं की त्याला प्रत्येक माणूस शिकाऱ्यासारखा दिसतो, स्वतःचा मालकसुद्धा. आजवर किमान तीन मालकांनी आम्हाला रडत सांगितलंय की तो मला बघून पळाला, आता तो मला विसरला. विसरलेला नसतो, त्या क्षणी त्याचं डोकं फक्त पळायचं काम करत असतं. वास नाकात शिरला आणि थोडा वेळ मिळाला की ओळखतो.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. तरी हाक मारलीच.

१४ जून

नकाशावर पिना. कॅमेरादादाने नियम केलाय, पिन टाकायची तर वेळ पाहिजे आणि फोटो किंवा निदान पांढऱ्या पायाचा उल्लेख पाहिजे. "तपकिरी कुत्रा बघितला" असे कालपासून एकोणीस फोन आले, तपकिरी कुत्रे जगात काय कमी आहेत का. गाळून उरल्या पाच. पाचपैकी चार कारखान्याच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर, सगळ्या पहाटे किंवा रात्री दहानंतर. म्हणजे ती तिथेच दडून बसते आणि माणसं कमी झाली की बाहेर येते. हे कळलं आणि सगळ्यांचे खांदे जरा खाली आले. कुठे आहे ते कळलं की धावायचं कामच उरत नाही.

भिंतीला एका ठिकाणी खिंडार आहे. त्याच्या आत दहा पावलांवर चादर टाकली, वाटी ठेवली, पाणी ठेवलं, समोर गुडघ्याएवढ्या उंचीवर ट्रेल कॅमेरा (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारा) बांधला. खायला रोज एकाच वेळी, एकच माणूस जाणार, ते म्हणजे मालकीणबाई. आम्ही कोणी आत जायचं नाही. यजमानांना हे अजिबात पटलेलं नाही, ते गाडीत बसून राहतात आणि दर पाच मिनिटांनी मेसेज करतात.

आजूबाजूला कोणी खाणं टाकत असेल तर बंद करायला सांगणे हे काकांचं काम. काका गोड बोलतात.

१५ जून

२९ मध्ये नुसती वाट बघणं चालू. कॅमेऱ्यात दोन मांजरं, एक मुंगूस, आणि रात्री ३:१२ ला एक पांढरा पाय. फक्त पाय, बाकी अंग फ्रेमच्या बाहेर. ग्रुपवर तो फोटो आला तेव्हा लोकांनी एवढे मेसेज केले की फोन गरम झाला.

मध्ये एक सापडलेला कुत्रा आला, केस ३०, म्हातारा लॅब, गळ्यात कॉलर आहे पण टॅग नाही, नुसती टॅगची कडी उघडी होऊन लोंबतेय. डॉक्टरताईने स्कॅनर फिरवला, काही नाही. मी म्हटलं चिप नसेल. ती म्हणाली थांब. बॅटरी बदलली, लोखंडी टेबलावरून खाली उतरवला, आणि खांद्यांच्या मधून सुरू करून हळूहळू नागमोडी, स्कॅनर केसांना टेकवून, दोन्ही खांद्यांवरून खाली पुढच्या पायांच्या कोपरापर्यंत. उजव्या कोपराच्या वर बीप. चिप टोचतात दोन खांद्यांच्या मध्ये पण कातडीखाली सरकत जाते कधी कधी. घाईत फिरवलं असतं तर "चिप नाही" असं लिहून मोकळे झालो असतो.

पंधरा आकडी नंबर आला. तो रजिस्टरमध्ये (चिपवाल्या कुत्र्यांच्या मालकांची नोंद) बघितला तर तिथला फोन बंद. आता यावर जरा लिहितो कारण दर आठवड्याला कोणीतरी विचारतं की चिप आहे ना, मग चिपवरून लोकेशन काढा. चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, तिच्यात बॅटरी नसते, जीपीएस नसतं, ती स्वतःहून काहीही पाठवत नाही. स्कॅनर जवळ आणला की त्याच्या लहरींवर क्षणभर जागी होते आणि आपला नंबर सांगते, तेवढंच. आजकालच्या चिपा १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात, जुन्या काही १२५ वर, म्हणून दोन्ही वाचणारा स्कॅनर पाहिजे नाहीतर जुनी चिप असून नसल्यासारखी. नंबर कोणाचा ते सांगायचं काम रजिस्टरचं, आणि रजिस्टरमध्ये काय आहे ते मालकाच्या हातात.

अमेरिकेत २००९ साली ५३ शेल्टरमधला अभ्यास छापून आला होता. भटकत आलेल्या सगळ्या कुत्र्यांपैकी घरी परत गेले सुमारे २२ टक्के, चिपवाल्यांपैकी ५२ टक्के. म्हणजे चिपचा फायदा आहेच, पण चिप असूनही जवळजवळ निम्मे गेले नाहीत आणि त्यातलं मोठं कारण काय तर चुकीचा किंवा बंद फोन नंबर. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१६ पासून कुत्र्याला चिप सक्तीची आहे आणि माहिती ताजी ठेवणंही मालकावर बंधनकारक आहे, ते दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

लॅबचं काय झालं: रजिस्टरवर दुसरा संपर्क म्हणून एका दवाखान्याचा नंबर होता, त्यांनी जुनी फाइल काढली, मालकांनी घर आणि सिम दोन्ही बदललेलं, मुलीचा नंबर मिळाला, रात्री नऊला घ्यायला आले. तीन तास लागले, चालू नंबर असता तर दहा मिनिटं. त्यांना तिथेच उभं करून फोनवर नवीन नंबर भरून घेतला, घरी जाऊन करतो म्हणत होते.

१७ जून

२९ ची कुत्री आता रोज येते, पहाटे ३ ते साडेचारच्या मध्ये, वाटी रिकामी करते आणि चादरीवर जरा वेळ बसते. काल पहिल्यांदा पूर्ण दिसली. बारीक झालीये, डाव्या कानाला ओरखडा, पण चालतेय नीट.

यजमानांचं म्हणणं आता जाळं टाकून धरू. नाही. एकदा फसलं तर ती ही जागा सोडेल आणि मग परत शून्यापासून, ती कुठे जाईल त्याचा पत्ता नाही. आज पिंजरा आणून ठेवला, दार वर बांधून, म्हणजे पडणारच नाही असं. चादर पिंजऱ्याच्या आत सरकवली अर्धी. तिला आधी आत-बाहेर करू दे.

१८ जून

पिंजऱ्यात मागच्या पायापर्यंत आत गेली आणि खाऊन बाहेर आली. दोनदा.

आज दुपारी ग्रुपवर कोणीतरी टाकलं की कुत्र्यांना दिशा कळते, येईल आपोआप घरी, एवढा खटाटोप कशाला. आणि खाली बॉबीची गोष्ट. बॉबीची गोष्ट खरी आहे, १९२३ साली अमेरिकेत इंडियानात हरवलेला कुत्रा सहा महिन्यांनी ओरेगॉनमध्ये आपल्या घरी पोचला, चार हजारच्या वर किलोमीटर. आणि २०२० मध्ये झेक संशोधकांनी २७ शिकारी कुत्र्यांना जीपीएस कॉलर लावून जंगलात सोडलं तर परतताना काही कुत्रे आधी साधारण वीस मीटर उत्तर-दक्षिण धावत आणि मग सरळ मालकाकडे येत, म्हणजे बहुधा पृथ्वीच्या चुंबकत्वाचा काहीतरी उपयोग करत असावेत. मला स्वतःला हे वाचून फार भारी वाटलं होतं. पण बॉबीला घर माहीत होतं आणि त्या शिकारी कुत्र्यांचा मालक तिथेच जंगलात उभा होता. आपल्या २९ च्या कुत्रीला घर म्हणजे चार दिवसांची ओळख. दिशा कळून जाणार कुठे ती?

एअरटॅगबद्दलही (ॲपलचा छोटा ट्रॅकर) विचारलं कोणीतरी. लावा, नसण्यापेक्षा बरा, पण तो ब्लूटूथवर चालतो, जवळून कोणाचा आयफोन गेला तरच ठिकाण कळणार. बंद कारखान्यात कोण जाणार फोन घेऊन. सिमवालं जीपीएस कॉलर जास्त उपयोगी, फक्त चार्ज करायचं लक्षात ठेवा.

१९ जून

आज दार सोडलं. पाय पडला की दार पडतं तो मधला पत्रा चादरीखाली झाकला, खाणं त्याच्या पार पलीकडे, पिंजऱ्यावर गोणपाट. कॅमेरादादा, मी आणि मालकीणबाई गाडीत, शंभर पावलांवर, काचा वर, फोनचा उजेड कमी करून. पिंजरा लावून घरी जाऊन झोपायचं नाही हा आमचा पक्का नियम, आत अडकलेलं जनावर रात्रभर तसंच राहता कामा नये.

१:४० ला दार पडलं. धावत गेलो. मांजर. बोका, जाडजूड, अर्धं खाणं संपवून मिशा पुसत बसलेला, सोडला तर जायलाच तयार नाही. परत सगळं लावलं. मला वाटलं आता आवाजाने ती येणार नाही आज. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत बसल्या होत्या.

३:५१. कॅमेऱ्यावर ती आली. वाटीकडे न जाता आधी पिंजऱ्याला पूर्ण फेरी मारली. मग तोंड आत. मग पुढचे पाय. मग बराच वेळ काहीच नाही, गाडीत कोणी श्वास घेत नव्हतं, कॅमेरादादाचं घड्याळ तेवढं टिकटिक करत होतं. मग पांढरा पाय आत गेला आणि दार पडलं.

सगळ्यात आधी बाई गेल्या, आम्ही मागे थांबलो. ती आत कोपऱ्यात अंग आवळून, सगळं शरीर थरथरतंय, दात दाखवत नाही पण डोळे पांढरे. बाई पिंजऱ्याच्या बाजूला जमिनीवर कुशीवर बसल्या, बोलल्या नाहीत, फक्त हाताची मूठ जाळीला लावली. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग तिचं नाक हललं. आधी लांबूनच, मग मान पुढे काढून, मग मुठीला टेकवून जोरजोरात हुंगलं, आणि हुंगता हुंगता तिची थरथर थांबली, पाठीपासून शेपटीकडे, जशी पाण्यावरची लाट विरते तशी. आणि मग जे रडणं काढलं तिने. यजमान मागच्या गाडीतून उतरून आले होते, इतके दिवस पन्नास माणसं पन्नास माणसं करणारा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा.

इथे सर्वात मोठा मोह असतो दार उघडायचा. उघडायचं नाही. पिंजरा अख्खाच्या अख्खा उचलून गाडीत, गाडीतून घरात, खोलीचं दार खिडक्या बंद, मग पिंजऱ्याचं दार. बाई म्हणत होत्या एकदाच मांडीवर घेते. म्हटलं घरी ताई, घरी.

२२ जून

केस ३१ च्या मालकाला फोन: तुमचा कुत्रा माझ्याकडे आहे, खात्री पटवायला तुमच्या फोनवर एक कोड येईल तो सांगा. त्याने सांगितला. कुत्रा मिळाला नाहीच, अकाउंट मात्र गेलं. हा मुलगा शिकलेला, बँकेचे ओटीपी कोणाला देत नाही, पण चार दिवस झोप नाही आणि समोरचा "तुमचा कुत्रा" म्हणतोय, कोणीही देईल.

म्हणून ती लपवलेली खूण. फोन आला की विचारायचं, अंगावर अजून काय दिसतंय? खरा असेल तर बघून सांगेल, नाहीतर बोलण्यात गुंडाळायला लागेल. आधी पैसे, मग फोटो म्हणणारा खोटा. आणि यापुढे पोस्टरवर मालकाचा नंबर न टाकता टीमचा नंबर टाकायचा, आपल्याला निदान झोप झालेली असते. (काल नव्हती झाली, पण तत्त्वतः.)

२५ जून

पोस्टरवाल्याला चावला. ओळखीचाच, दोन दिवस त्याच्याकडे राहिलेला सापडलेला कुत्रा, झोपेत असताना याने वरून हात घातला. त्याची चूक नाही, कुत्र्याचीही नाही. आम्ही सगळे गोळा होऊन हळद लावू का, पट्टी बांधू का करत होतो तोवर डॉक्टरताईने त्याला ओढत नळाखाली नेलं आणि साबण लावून पंधरा मिनिटं घड्याळ लावून जखम धुतली, तो ओरडत होता बास झालं बास झालं, ती म्हणाली अजून सहा मिनिटं. मग लगेच इंजेक्शनांसाठी दवाखान्यात. लस झालेला आहे की नाही हे माहीत नसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत बघू उद्या चालत नाही, रेबीज झाल्यावर उपाय नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, तो तिच्याकडे.

वारंवार जनावरं हाताळणाऱ्यांनी आधीच लस घेऊन ठेवायची असते, आठांपैकी दोघांनीच घेतली होती. आता सगळे घेतायत. हातमोजे आणि स्लिप लीश (ओढला की गळ्याभोवती आवळणारा पट्टा) प्रत्येकाच्या गाडीत, मी तपासणार आहे, सांगून ठेवतो.

२८ जून

एका कुत्र्याला दोन मालक. दोघांनाही खात्री. त्यातल्या एकाला बघून कुत्रा उड्या मारायला लागला आणि बघा बघा ओळखलं म्हणून तिथे टाळ्यासुद्धा झाल्या. डॉक्टरताई म्हणाली हा सकाळपासून पोस्टमनला बघूनही उड्याच मारतोय.

कागद मागितले: लसीचं कार्ड, जुने फोटो, आणि फोटो तारखेसकट फोनमधले. चिप नाही. दुसऱ्या मालकाच्या फोटोत कुत्र्याच्या जिभेवर बाजूला काळा डाग दिसत होता, जांभई देतानाचा फोटो. आता कुत्र्याने जांभई द्यायची वाट बघा. सव्वा तासाने दिली. डाग होता. पहिल्या माणसाचा चेहरा बघवेना, खोटं बोलत नव्हता तो बिचारा, त्याचा कुत्रा अगदी असाच होता आणि आठ महिने झाले होते. त्याची केस नव्याने घेतली, नंबर ३३.

५ जुलै

केस २४ बंद. रस्त्यावर, हायवेच्या कडेला. सफाईवाल्यांनी उचलून ठेवला होता, त्यांच्याकडे आपण नंबर देऊन ठेवलाय म्हणून फोन आला. मेलेल्या जनावरालाही स्कॅन करायचं, काकांनी जाऊन केलं. बीप आलं.

घरी सांगायला काका आणि शीटताई गेले. फोनवर सांगायचं नाही हे ठरलेलंच आहे. एकोणतीस दिवस तो मुलगा रोज संध्याकाळी गेटवर पाण्याची वाटी बदलत होता. कॉलर परत दिली. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

९ जुलै

उरलेल्या गोष्टी. ट्रेल कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या संपल्या, नवीन आणायच्या, चार्जिंगवाल्या घ्या यावेळी. पिंजऱ्याची कडी वाकलीये (बोका). फॉर्ममध्ये "चिपवर आत्ता कुठला नंबर आहे" हा प्रश्न टाकलाय आणि त्याचं उत्तर "माहीत नाही" आलं तर फोन ठेवायच्या आधी बघून घ्यायचं.

२९ च्या बाईंनी व्हिडिओ पाठवला. ती अजून दारापाशी गेली की खाली दबते आणि बाहेर फिरायला दोन पट्टे लावून नेतात, एक हार्नेसला एक कॉलरला, दोन्ही घट्ट. नावाला अजून वळत नाही म्हणे, पण पिशवीचा आवाज आला की कुठूनही येते. त्यांनी विचारलंय की शनिवारी काही काम असेल तर सांगा, आम्ही दोघंही मोकळे आहोत. यजमानांना ३३ च्या पोस्टरांना लावलंय. पोस्टर लावायला पन्नास माणसं चालतील, असं शीटताईने त्यांना कळवलंय.